गंजलेल्या लोखंडी वस्तू घरच्या घरी विजेने साफ करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाराही महिने माळ्यावर किंवा पडवीत पडून असलेला कोयता, बिडाचा तवा, आजोबांचा रंधा, दाराची जुनी कडी अशा वस्तू बऱ्याचदा फक्त गंजामुळे भंगारात जातात. आत लोखंड शाबूत असतं, वर तांबडी खपली असते, आणि घरात कोणाला तरी वाटतं की आता हिचा काही उपयोग नाही. प्लास्टिकची बादली, धुण्याचा सोडा आणि १२ व्होल्टचा अॅडॅप्टर एवढ्यावर यातल्या बहुतेक वस्तू पुन्हा कामाला लागतात. पद्धत सोपी आहे. मात्र दोन-तीन गोष्टी चुकल्या तर ती धोक्याची होते, म्हणून त्या प्रश्नांची उत्तरं खाली जरा सविस्तर दिली आहेत.

विजेने गंज निघतो म्हणजे नेमकं काय होतं?

सोड्याच्या पाण्यात दोन लोखंडी तुकडे एकमेकांना न चिकटवता ठेवायचे. एक आपली गंजलेली वस्तू, दुसरा भंगारातला लोखंडाचा तुकडा. वस्तूला अॅडॅप्टरची उणे तार जोडायची, भंगाराला अधिक तार. वीज सुरू केली की वस्तूच्या अंगावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे यायला लागतात आणि भंगाराच्या बाजूला ऑक्सिजन तयार होतो.

वस्तूवर दोन कामं एकाच वेळी चालतात. तांबड्या गंजातल्या लोखंडाला इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्यातला काही भाग काळ्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. हे काळं ऑक्साइड पृष्ठभागाला घट्ट धरून राहत नाही. दुसरीकडे गंजाच्या थराखाली तयार होणारा हायड्रोजन त्या थराला आतून ढकलतो आणि खपल्या सुटतात. बाहेर काढल्यावर जे काळं बुकणीसारखं हाताला लागतं, तो हाच बदललेला गंज.

मग गंजाने खाल्लेलं लोखंड परत येतं का?

नाही. जिथे खड्डा पडलाय तिथे खड्डाच राहणार. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल आणि ते गंजाच्या खपलीने बुजलेलं असेल, तर साफ केल्यावर ते भोक दिसायला लागेल. पद्धत ते भोक पाडत नाही, ते आधीपासूनच असतं. जुन्या पत्र्याच्या ट्रंका, कंदील, पातळ डबे यांच्या बाबतीत हे आधी मनाशी धरून ठेवा.

ग्राइंडरला तारेचं चाक लावलं की पाच मिनिटांत काम होतं. एवढा खटाटोप कशाला?

पाच मिनिटांत होतं हे खरं आहे, पण त्या पाच मिनिटांत गंजाबरोबर चांगलं लोखंडही जातं. चाकाला गंज आणि लोखंड यांतला फरक कळत नाही. लोहाराने ऐरणीवर घडवलेल्या कोयत्यावर हातोड्याचे ठोके दिसतात. जुन्या पटाशीवर कारखान्याचा ठसा असतो. अडकित्त्याच्या दांड्यांवर बारीक नक्षी असते. रंध्याच्या पात्याची पाठ एका पातळीत घासून आणलेली असते. ग्राइंडरखाली हे सगळं सपाट होतं, आणि एकदा गेलं की कोणताही कारागीर ते परत आणू शकत नाही. शिवाय पात्याची धार तापून निळी पडली तर त्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि धार टिकेनाशी होते.

विजेच्या पद्धतीत वस्तू उणे टोकाला असते. त्या टोकाला लोखंड विरघळत नाही. चार तास जास्त राहिलं म्हणून वस्तू झिजत नाही. ठसा, नक्षी, ठोके, कानशीच्या खुणा सगळं जिथल्या तिथे राहतं. जुन्या हत्याराबद्दल ज्याला आस्था आहे, त्याने ग्राइंडरला हात लावण्याआधी एकदा बादली मांडून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनीही गंज जातो ना?

जातो. खिळे, स्क्रू, छोटी बिजागरी अशा वस्तूंना व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी चांगलं काम देतं. कोपऱ्यात, नळीच्या आत, आट्यांमध्ये तर आम्लच वरचढ ठरतं, कारण पाणी जिथे पोचतं तिथे ते काम करतं आणि वीज तशी पोचत नाही. अडचण अशी की आम्ल गंज संपल्यावर थांबत नाही, चांगल्या लोखंडालाही लागतं. रात्री भिजत घातलेली वस्तू दोन दिवस विसरली तर पृष्ठभाग खरखरीत आणि करडा होतो. बिडावर हे फार लवकर दिसतं. वरवरचा तांबूसपणा असेल तर यातलं काहीच नको, काथ्या, राख आणि थोडं तेल पुरे.

काय काय सामान लागेल?

प्लास्टिकची बादली किंवा टब. लोखंडी घमेलं चालणार नाही. धुण्याचा सोडा. भंगारवाल्याकडून साध्या लोखंडाची पट्टी किंवा बांधकामावरच्या सळईचे हातभर लांबीचे चार-पाच तुकडे. वस्तू टांगायला बाइंडिंग तार, जी सळया बांधायला वापरतात ती. बादलीवर आडवी टाकायला एक-दोन लाकडी काठ्या. चिमट्याच्या वायरी, शक्यतो लाल आणि काळ्या. रबरी हातमोजे आणि चष्मा. विजेचा पुरवठा कसा असावा ते खाली वेगळं सांगितलं आहे.

भंगारातून तुकडे निवडताना एक पाहा. चंदेरी, चकाकणारा, ढगाळ नक्षी असलेला पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, जीआय पत्रा. तो नको. जस्त विरघळून पाण्यात येतं आणि आपल्या वस्तूवर बसतं. तांब्या-पितळेचा तुकडाही नको, त्याचं तांबं असंच वस्तूवर चढतं. साधी, थोडी गंजलेली सळई या कामाला उत्तम.

सोडा कोणता आणि किती?

धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. किराणा दुकानात मिळतो. कोरडी पावडर असेल तर एका लिटरला साधारण १० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या बादलीला १५० ग्रॅम. खड्यांच्या रूपात मिळणाऱ्या सोड्यात मोठा वाटा पाण्याचाच असतो, वजनाच्या जेमतेम ३७ टक्के खरा सोडा. म्हणून खडे असतील तर लिटरला २५ ते ३० ग्रॅम घ्या. मोजमाप काटेकोर असण्याची गरज नाही. सोडा झिजत नाही, तो फक्त पाण्यातून वीज वाहू देतो. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं तर नुसतं पाणी भरा.

घरात फक्त खाण्याचा सोडा असेल तर तोही चालतो, पण विजेचा प्रवाह कमी मिळतो. तो कोरड्या कढईत मंद आचेवर परतत राहिलं की त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम होतात. कढई अॅल्युमिनियमची नको.

कपडे धुण्याची पावडर मात्र टाकू नका. तिचा फेस पाण्यावर साठतो आणि त्या फेसात हायड्रोजन अडकून राहतो.

सोड्याऐवजी मीठ टाकलं तर? वीज तर जास्त चांगली वाहते.

मीठ अजिबात टाकायचं नाही. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की अधिक टोकाला क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. तो विषारी आहे, फुप्फुसांना इजा करतो. शिवाय मिठातलं क्लोराइड लोखंडाच्या सूक्ष्म खड्ड्यांत शिरून बसतं आणि वस्तू साफ केल्यावरही आतून पुन्हा गंजत राहते. म्हणजे ज्यासाठी सगळी मेहनत केली तेच हातचं जातं. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणीही याच कारणासाठी टाळा.

बोअरचं जड पाणी चालतं. सोडा टाकल्यावर ते पांढरट होईल आणि तळाशी चुन्यासारखा साका बसेल. त्याने काही बिघडत नाही, सोडा चमचाभर जास्त लागेल इतकंच.

भंगाराऐवजी स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरली तर ती गंजत नाही, स्वच्छ राहते. ती का नको?

ही पट्टी वापरल्याचे व्हिडिओ खूप दिसतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, बऱ्याच प्रकारांत निकेलही. अधिक टोकाला जोडल्यावर ही पट्टी हळूहळू झिजते आणि क्रोमियम पाण्यात उतरतं. अल्कधर्मी पाण्यात आणि या विद्युतदाबाखाली ते षट्संयुजी क्रोमियमच्या रूपात येऊ शकतं. हे क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं आणि त्वचेलाही अपाय करतं. पाणी पिवळं पडायला लागलं तर ती त्याचीच खूण असू शकते. असं पाणी गटारात ओतणं म्हणजे ते आपल्याच ओढ्यात आणि विहिरीत पाठवणं. जुने चमचे, ताटल्या, सिंकची जाळी यांतलं काहीही अधिक टोकाला लावू नका. साधं लोखंड घाण होतं, त्याची खपली निघते, मधूनमधून ते खरवडावं लागतं. तेवढा त्रास घ्यावा.

वीज कुठून घ्यायची?

एलईडी पट्ट्यांसाठी किंवा सीसीटीव्हीसाठी मिळणारा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अॅडॅप्टर सर्वांत सोयीचा. छोट्या वस्तूंना मोबाइलचा जुना ५ व्होल्टचा साधा चार्जरही पुरतो, वेळ जास्त लागतो एवढंच.

गाडीच्या बॅटरीचा चार्जर वापरत असाल तर जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मरवाला बघा. नवे चार्जर समोर बॅटरी आहे की नाही हे तपासतात आणि बादलीला जोडल्यावर सुरूच होत नाहीत. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, तोही चालतो. त्याच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडली की तो सुरू होतो. पिवळी तार म्हणजे अधिक १२ व्होल्ट, काळी म्हणजे उणे. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही.

गाडीची बॅटरी थेट जोडू नका. दोन तुकडे चुकून टेकले तर ती शेकडो अँपिअर सोडते आणि वायर पेटते. भिंतीतल्या २३० व्होल्टशी तर या बादलीचा काहीही थेट संबंध येता कामा नये. अॅडॅप्टर जमिनीवर, पाण्याच्या शेजारी नको, उंच आणि कोरड्या जागी ठेवा. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर त्याच सर्किटवरचा प्लग घ्या.

जोडणी कशी करायची?

आधी वस्तू धुऊन घ्या. ग्रीस, तेल, चिकटलेली माती निघाली पाहिजे, कारण तेलाच्या थरातून वीज जात नाही. लाकडी मूठ काढता येत असेल तर काढा. मग वस्तूवरची एक छोटीशी जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. तिथे बाइंडिंग तार घट्ट गुंडाळून वस्तू काठीला टांगा, अशी की ती पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही.

सळईचे तुकडे बादलीच्या कडेने गोल उभे करा आणि सगळे एकमेकांना तारेने जोडा. वीज या दोन टोकांमध्ये साधारण सरळ रेषेत जाते, त्यामुळे वस्तूची जी बाजू सळईला दिसते तीच लवकर साफ होते. चारही बाजूंनी सळया असल्या की वस्तू सारखी फिरवावी लागत नाही. वस्तू आणि सळई यांच्यात वीतभर तरी अंतर असू द्या.

सळयांचा चिमटा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. तो बुडला तर त्याचं तांबं विरघळून वस्तूवर बसेल.

आता सर्वांत महत्त्वाचं. काळी, उणे तार वस्तूला. लाल, अधिक तार भंगाराला. हे उलट झालं तर भंगार साफ होईल आणि तुमची वस्तू खाल्ली जाईल. प्लग लावण्याआधी तारेवर बोट ठेवून हे मोठ्याने म्हणून बघा. अॅडॅप्टरच्या तारांवर खूण नसेल तर मल्टिमीटरने तपासा. सगळं जोडून झाल्यावरच प्लग लावायचा, आणि काही हलवायचं असेल तर आधी प्लग काढायचा.

बुडबुडे येत नाहीत. काय चुकलं?

बहुतेक वेळा तार जिथे वस्तूला लागते तिथे गंज राहिलेला असतो. जागा पुन्हा घासा. वस्तू दोन-तीन सुट्या भागांची असेल, उदाहरणार्थ पक्कड किंवा साखळी, तर मधल्या गंजामुळे एका भागाची वीज दुसऱ्यापर्यंत जात नाही. प्रत्येक भागाला वेगळी तार लावा. काही गंज इतका जाड असतो की पहिला अर्धा तास जवळजवळ काहीच दिसत नाही आणि मग हळूहळू सुरू होतं. सळईवर खूप थर बसला असेल तरी प्रवाह कमी होतो, ती खरवडून घ्या.

उलट अॅडॅप्टर तापत असेल किंवा बंद-चालू होत असेल तर प्रवाह जास्त होतोय. सळया थोड्या लांब सरकवा, एक-दोन कमी करा किंवा पाणी वाढवा. दोन-तीन अँपिअर घरगुती वस्तूला पुष्कळ झाले.

किती वेळ लागतो, आणि विजेचं बिल?

कोयता किंवा तवा सहसा रात्रभरात होतो. जाड गंजाच्या पहारीला पूर्ण दिवस. मध्ये एकदा काढून ब्रशने खपल्या उतरवल्या आणि पुन्हा टांगलं तर काम लवकर संपतं. १२ व्होल्टला ३ अँपिअर म्हणजे ३६ वॉट. दहा तास चालवलं तरी अॅडॅप्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून अर्ध्या युनिटच्या आत.

हायड्रोजनचा स्फोट होतो असं ऐकलंय. किती घाबरावं?

घाबरण्यापेक्षा हिशेब समजून घ्यावा. ३ अँपिअर प्रवाहावर तासाला साधारण सव्वा ते दीड लिटर हायड्रोजन तयार होतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. उघड्या गच्चीवर, अंगणात किंवा हवेशीर गॅलरीत एवढा वायू कुठल्या कुठे निघून जातो, तो हवेपेक्षा फार हलका आहे. पण पाणी उडू नये म्हणून कोणी बादलीवर झाकण ठेवलं आणि आत तीन लिटरची पोकळी असली, तर ४ टक्क्यांची मर्यादा पाच-सहा मिनिटांत गाठली जाते. झाकण हाच खरा धोका. बंद बाथरूम, जिन्याखालची खोली, कपाटाचा कोनाडा हेही टाळा.

जवळ उदबत्ती, गॅस, सिगारेट नको. चिमटा चालू विजेत काढला तर तिथेच ठिणगी पडते आणि तिथेच वायू असतो. म्हणून पुन्हा तेच, आधी प्लग. पाणी अल्कधर्मी असतं, पीएच ११ च्या आसपास, डोळ्यात उडालं तर चांगलंच झोंबतं. बुडबुडे फुटताना बारीक तुषारही उडतात, त्यामुळे बादलीवर वाकून बघत बसू नका. घरात लहान मूल असेल तर बादली त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी मांडा.

मध्येच लाइट गेली आणि चार तास आलीच नाही तर?

काही बिघडत नाही. सोड्याच्या पाण्यात लोखंडावर सहसा नवा गंज चढत नाही. वस्तू तशीच बुडलेली राहू द्या. बाहेर काढून ओली ठेवली तर मात्र गंजेल.

कोणत्या वस्तू यात घालायच्या नाहीत?

अॅल्युमिनियम आणि हिंडालियम तर नाहीच. सोड्याचं पाणी त्यांना वीज नसतानाही लागतं आणि पृष्ठभाग काळा पडतो. पितळ, तांबं, कासं यांच्यावर लोखंडाचा गंज नसतो, त्यामुळे समई किंवा घंटा यात टाकण्याचं कारणच नाही. कल्हई केलेली भांडी, जस्ताचा मुलामा असलेल्या बादल्या, झाळलेले सांधे असलेल्या वस्तू बाहेर ठेवा. क्रोमियमचा मुलामा दिलेलं सायकलचं हँडल घातलं तर मुलाम्याखालचा गंज सुटताना वरचा मुलामा टवक्यांनी निघतो.

रंग टिकवायचा असेल तरीही ही पद्धत नको, कारण सोडा आणि बुडबुडे मिळून रंग सैल करतात. जुन्या शिलाई मशीनच्या बिडाच्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी यात कायमची जाईल. मशीनचे सुटे, बिनरंगाचे भाग घाला, अंगाला कापडाने तेल लावा.

आणखी एक बाब फारशी सांगितली जात नाही. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि खूप कडक केलेलं पोलाद त्यामुळे ठिसूळ होऊ शकतं. साधं लोखंड आणि बीड यांना व्यवहारात याचा त्रास होत नाही. पण स्प्रिंगा, गाडीचे उच्च क्षमतेचे बोल्ट, वजन उचलायच्या साखळ्या, गिर्यारोहणाचं सामान, म्हणजे ज्याच्या तुटण्याने कोणाच्या जिवाला धोका होईल असं काहीही यात घालू नका.

बिडाचा तवा यात साफ करून खायला वापरता येईल का?

हो, आणि तव्याइतकी या पद्धतीला शोभणारी दुसरी वस्तू नाही. बीड आम्लाला हळवं असतं, घासायला खडबडीत असतं, आणि विजेने ते अगदी तळापर्यंत स्वच्छ होतं. गंजाबरोबर वर्षानुवर्षांची जळकी काजळीही सुटते. खाण्याच्या भांड्यासाठी पाणी नवीन घ्या, सळई स्वच्छ घ्या, आणि त्याच पाण्यात आधी रंगवलेलं किंवा अनोळखी भंगार साफ केलेलं नसावं. आप्पेपात्राच्या खळग्यांना वेळ जास्त लागतो, वाटल्यास मध्ये सळईचा तुकडा वरून उभा सोडा.

निघाल्यावर तवा करडा, कोरा दिसतो. गरम पाण्याने आणि काथ्याने खसखसून धुवा, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण वाळवा. कोमट असतानाच शेंगदाण्याचं किंवा जवसाचं तेल सगळीकडून चोळा आणि मग जणू चुकून लागलं होतं अशा बेताने ते पुसून टाका. थर जितका पातळ तितका चांगला. धूर येईपर्यंत तापवा, गार होऊ द्या, पुन्हा लावा. हे चार-पाच वेळा केलं की रंग काळपट होत जातो. जाड तेल लावलं तर ते चिकट राहतं आणि घावन उलटत नाही. पहिले काही दिवस चिंच-टोमॅटोचं काही त्यात करू नका.

अडकित्ता, कुलूप, विळी यांचं काय?

अडकित्ता छान होतो. उघडून, दोन्ही दांड्यांना तार लावून टांगा. पितळेचा असेल तर फक्त पातं लोखंडी असतं, तेवढंच सुटं करता आलं तर करा, नाहीतर लिंबूसत्त्वाने हाताने पुसा.

कुलपाच्या आत पितळी पट्ट्या आणि बारीक स्प्रिंगा असतात आणि वीज आतपर्यंत पोचतही नाही. बाहेरून देखणं झालेलं कुलूप आतून जामच राहतं. त्याला रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल हेच औषध.

विळीचं पातं पाटापासून काढा. लाकूड पाण्यात फुगतं आणि तडकतं. पातं पाटात ठोकून बसवलं असेल आणि निघत नसेल तर फक्त पातं बुडेल अशी विळी उलटी टांगा. खवणीचे दाते फार बोथट झाले असतील तर साफ केल्यावर कानशीने एकेक दाता उचलून घ्या.

घरात जुनी तलवार, कट्यार किंवा दांडपट्टा आहे. तो साफ करू का?

कृपया करू नका. संग्रहालयातले तज्ज्ञही हीच पद्धत काही वस्तूंना वापरतात, पण क्ष-किरण चित्र पाहून, प्रवाह अगदी कमी ठेवून, महिनोन्महिने. जुन्या हत्यारावर गंजाच्या थरातच सोन्या-चांदीची तारकशी, अक्षरं, म्यानाच्या कापडाचे ठसे अडकलेले असतात. आतलं लोखंड पूर्ण गेलेलं असेल तर गंज हाच त्या वस्तूचा आकार असतो आणि तो सुटला की हातात चुरा येतो. पात्यावर पोलादाची लहरदार नक्षी असेल तर तीही पुसट होईल.

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावशेष ठरू शकतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे किंवा जवळच्या शासकीय संग्रहालयात विचारा. गडावर किंवा शेतात सापडलेली वस्तू असेल तर ती घरी आणून धुण्याचाही विचार नको, प्रशासनाला कळवा.

बाहेर काढल्यावर वस्तू काळी दिसते, आणि दहा मिनिटांत पुन्हा तांबूस झाली. असं का?

काळं आहे ते बदललेलं ऑक्साइड. ओलं असतानाच, नळाखाली धरून तारेच्या घासणीने किंवा कडक ब्रशने घासलं की निघतं. वाळू दिलं तर बसून राहतं.

तांबूसपणा मात्र नवा गंज आहे. नुकतंच उघडं पडलेलं लोखंड पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की मिनिटांत गंजायला लागतं. म्हणून वस्तू काढण्याआधीच पुढची तयारी मांडून ठेवा. ब्रश, गरम पाणी, कोरडी फडकी, तेल. काढा, घासा, शक्य तितक्या गरम पाण्यातून काढा म्हणजे ती उष्णतेनेच लवकर वाळते, पुसा, हेअर ड्रायरने किंवा मंद आचेवर उरलेला ओलावा घालवा आणि गरम असतानाच तेल लावा. रात्रभराच्या कामाचं यश या पंधरा मिनिटांत ठरतं. घाईच्या वेळी, ऑफिसला निघताना वस्तू बाहेर काढू नका, ती पाण्यातच सुरक्षित आहे.

वापरलेलं पाणी कुठे टाकायचं?

साधं लोखंड आणि धुण्याचा सोडा एवढंच वापरलं असेल तर पाण्यात सोडा आणि गंज यांशिवाय फारसं काही नसतं. साका खाली बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या कामासाठी बादलीत ठेवा, पुन्हा पुन्हा वापरता येतं. फेकायचंच असेल तर भरपूर पाणी मिसळून मोरीत सोडा. कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, सोड्याने माती बिघडते.

वस्तूला जुना रंग असेल तर गोष्ट वेगळी. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. असे रंगाचे टवके गाळून, वाळवून, पिशवीत बांधून घरातल्या घातक कचऱ्याबरोबर द्या. ते कोरडे खरवडत बसू नका.

साफ केलेली वस्तू पावसाळ्यात कशी जपायची?

वस्तूचं काम काय यावर ते अवलंबून आहे. कोयता, विळी, अडकित्ता यांना खाण्याचं तेल पातळ चोळा आणि वापरून झालं की पुसून पुन्हा बोट फिरवा. रंधा, पटाशी, करवत यांना शिलाई मशीनचं तेल. पहार, कुदळ, फावडं यांना महिनोन्महिने हात लागणार नसेल तर ग्रीसचा हात द्या आणि जमिनीला टेकवून न ठेवता भिंतीला टांगा. कडी-कोयंडा, गज, बिजागऱ्या यांना तेल पुरत नाही. त्यांना वाळवल्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर आणि त्यावर रंगाचे दोन हात.

कोकणात समुद्राजवळ घर असेल तर हवेतलं मीठ वस्तूवर बसत राहतं आणि तेलाखालूनही गंज धरतो. तिथे आधी गोड्या पाण्याने पुसून, वाळवून मगच तेल लावावं. वर्तमानपत्रात किंवा सुती कापडात गुंडाळून बंद ट्रंकेत ठेवलेलं हत्यार ओलावा शोषून गुंडाळलेल्या जागीच गंजतं. त्यापेक्षा ते तेल लावून उघड्यावर, डोळ्यांसमोर टांगलेलं बरं. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा त्यावर तेलाचं फडकं फिरवा.